काडतुसाची भीती आणि भाताची राखण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे उंबरमाळीला जमलो आहोत, ते दोघेही बंदुकीच्या गोळीने गेले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी वेढा घातला आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील धारातीर्थी पडले. भाई माथेरानचे, नाभिक घरातले, शिकून वकील झालेले. १९४२ च्या उत्तरार्धात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या पथकाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि सरकारची झोप उडवली. त्यांच्या नावाने भरणाऱ्या व्याख्यानमालेत बंदुकीवर बोलायचे म्हणजे जपूनच बोलायला हवे, याची मला जाणीव आहे. तरीही मी हाच विषय मागून घेतला. बंदूक आणि काडतूस यांच्याविषयी आपल्या मनात जी भीती बसली आहे, तिच्यावर मला बोलायचे आहे. ठाणे, कल्याण, मुरबाड, शहापूर इथल्या कोर्टांत फौजदारी कामे चालवताना ही भीती मी साहेबांच्या टेबलाच्या अलीकडूनही पाहिली आणि पलीकडूनही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला ते पारखता येईल. घाबरलेला माणूस सापडलेले काडतूस पोलीस ठाण्यात नेत नाही. तो ते लपवतो. विहिरीत टाकतो, ओढ्यात भिरकावतो, चुलीत घालतो, नाहीतर भंगारवाल्याच्या पोत्यात ढकलतो. जी वस्तू उघड्यावर, ठाण्याच्या कपाटात, निमूट पडून राहिली असती, ती आपणच पोराबाळांच्या हाती जाईल अशी करून ठेवतो. म्हणजे भीतीने धोका कमी होत नाही, उलट तो पसरतो. हे कसे घडते आणि त्याची झळ कोणाला बसते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पहिले उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावरचे घेतो. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी कल्याण स्थानकात एक नंबर फलाटाजवळ बेवारस खोकी सापडली आणि त्यांत ५४ डिटोनेटर निघाले. बॉम्बशोधक पथक आले. कसाऱ्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडी पुढे काही दिवस तोच विषय होता. त्या दिवशीची भीती बरोबर होती, हे मी आधीच सांगतो. डिटोनेटर म्हणजे सुरुंग पेटवणारी नळी. तिच्यात अगदी थोडीच स्फोटक भुकटी असते, पण ती फार हळवी. ठोका, उष्णता, विजेचा थोडासा प्रवाह, एवढ्यानेही ती उडू शकते आणि हाताची बोटे नेते. दगडखाणीवर, विहिरीच्या खोदकामावर, बोगद्याच्या कामावर ज्यांनी मजुरी केली आहे त्यांना हे मी सांगायला नको. आणि जिलेटीनच्या कांड्या टाकून धरणात मासे मारणारे हात आपल्या तालुक्यांतही आहेत, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

पण त्यानंतरच्या आठवड्यांत मी पाहिले ते असे. डिटोनेटर, बॉम्ब, काडतूस, गोळी, रिकामी पुंगळी, दिवाळीचे पिस्तूल, सगळे लोकांच्या बोलण्यात एक झाले. ज्याला हात लावू नये अशी वस्तू आणि जी टेबलावर ठेवून शांतपणे पाहता येते अशी वस्तू, यांतला फरक कोणी समजावून सांगितला नाही. तो मी आज सांगतो, कारण त्या फरकावरच सगळे उभे आहे.

काडतूस डोळ्यांपुढे आणा. पितळेची एक पुंगळी. तिच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी, तोंडाशी घट्ट बसवलेली शिशाची गोळी, आणि दोन्हींच्या मध्ये दारू. शेतकऱ्याच्या बारा बोरच्या बंदुकीचे काडतूस जरा वेगळे. त्याचे बूड पितळी, वर प्लास्टिकची किंवा जाड कागदाची नळी आणि आत एका गोळीऐवजी छर्रे. टोपीत असते ती दिवाळीच्या टिकलीच्या जातीचीच, पण जास्त ताकदीची भुकटी. बंदुकीचा घोडा पडला की आतली टोकदार सुई नेमकी त्या टोपीच्या मध्यावर आदळते, टोपी फुटते, तिची ठिणगी दारूला लागते, दारूचा धूर होतो आणि त्या धुराला पसरायला जागा हवी असते. बंदुकीच्या पोटात पोलादाची जाड भिंत चारी बाजूंनी काडतूस आवळून धरते. धुराला फक्त एक वाट मोकळी असते, नळीची. म्हणून गोळी सुटते. बंदुकीच्या बाहेर ही भिंत नसते. जमिनीवर पडलेले काडतूस जाळात गेलेच, तर पुंगळी फाटते, पितळेचे तुकडे उडतात, गोळी मात्र जड असल्यामुळे जवळच कुठेतरी पडते. ते तुकडे डोळ्यात गेले तर डोळा जाऊ शकतो, म्हणून काडतूस चुलीत कधीही घालू नका. पण ते खिशात, ट्रंकेत, पिशवीच्या शिवणीत पडून राहिले म्हणून आपोआप सुटून कोणाचा जीव घेत नाही. बंदूक नसलेले एकटे काडतूस हा एक बंद डबा आहे.

तोफेच्या गोळ्याचे तसे नाही. तो स्वतःच्या पोटात स्फोटक घेऊन जातो आणि त्याला स्वतःचा फ्यूज असतो. घाट चढला की इगतपुरीच्या पुढे देवळाली. तिथे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याचे गोळीबाराचे मैदान आहे. इकडून नाशिककडे मजुरीला जाणाऱ्या आपल्या माणसांना मी नेहमी बजावतो. मैदानाच्या कडेला लोखंडाचा असा एखादा तुकडा दिसला, की त्याला काठीसुद्धा लावायची नाही. फुटला नाही म्हणजे तो मेलेला असतो असे नाही.

आता एका मुलाची हकीकत. तो कातकरी वाडीवरचा, विशीतला. पावसाळा सरला की वीटभट्टीवर जाणारा. त्याच्या किल्लीच्या जुडग्यात एक रिकामी पुंगळी अडकवलेली होती. घाटावर मजुरीला गेलेल्या त्याच्या मामाने त्याला दिलेली, वर भोक पाडून त्यात तार ओवलेली. नाकाबंदीत झडती झाली आणि पुंगळी सापडली. पंचनाम्यात तिचे वर्णन ‘पिवळ्या धातूची, बुडाशी गोल खोलगट खूण असलेली’ असे होते. ती खूण म्हणजेच सुईचा घाव, म्हणजे टोपी फुटलेली, म्हणजे दारू जळून गेलेली, म्हणजे त्या वस्तूत उरले होते फक्त पितळ. हे पंचनामा लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि तरीही त्याच्या शेवटी कलम लागले, शस्त्र कायद्याचे. मुलगा आत गेला. भट्टीमालकाची उचल अंगावर होती, ती फिटायची कशी या काळजीने त्याची आई माझ्याकडे आली. जामीन झाला. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा त्यातही तेच होते, जे पंचनाम्यात होते. प्रकरण संपले.

पण वाडीवर संपले नाही. मी नंतर त्या वाडीत गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाने मला सांगितले, ‘साहेब, आता काही सापडलं तर नदीत टाकायचं ठरवलंय सगळ्यांनी.’ त्यांनी ठरवले ते मला समजू शकते. त्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच ठरवले असते. पण उद्या त्या नदीत जे पडेल ते रिकामी पुंगळीच असेल असे नाही. जिलेटीनची कांडी असेल, डिटोनेटर असेल, आणि पाणी ओसरल्यावर खेकडे शोधणाऱ्या पोराच्या हाताला ते लागेल. पोलिसांनी त्या दिवशी एक निरुपद्रवी पितळेचा तुकडा जप्त केला आणि एका अख्ख्या वाडीला धोकादायक वस्तू लपवायला शिकवले. माझा राग त्या एका हवालदारावर नाही. त्याला कोणी फरक शिकवला नव्हता आणि वरून ‘सापडले आणि सोडले’ हा ठपका येण्याची भीती त्यालाही होतीच.

कायदा इतका आंधळा आहे का? नाही. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळचा. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्याला सूट, असा त्याचा स्वभाव. म्हणूनच १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. अहिंसेच्या लढ्याचा तो ऐन काळ होता, तरी. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात कातडीच्या रंगाचा भेद उरला नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये, आणि त्याच्याच घटनापीठाने १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात, स्पष्ट केले की शस्त्र जवळ असणे म्हणजे नुसते अंगावर किंवा सामानात सापडणे नव्हे. ते आपल्याजवळ आहे याची माणसाला जाण हवी आणि त्याच्यावर त्याचा ताबा हवा. कायद्याच्या ४५ व्या कलमात आणखी एक सोय आहे. शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा किरकोळ भाग, जो पूरक भागांना जोडून वापरण्याचा इरादा नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही.

या दोन आधारांवर उच्च न्यायालयांनी बरीच प्रकरणे रद्द केली आहेत, आणि ती बहुतेक विमानतळावरची आहेत. गोष्ट ठरलेली असते. काकाचे किंवा वडिलांचे परवान्याचे पिस्तूल, ते ज्या बॅगेत असायचे ती बॅग घेऊन घरातली दुसरी व्यक्ती प्रवासाला निघते, अस्तराच्या घडीत एक काडतूस राहिलेले असते, यंत्रावर ते दिसते, गुन्हा दाखल होतो, विमान निघून जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत पुनःपुन्हा म्हटले आहे की बंदुकीशिवाय एकटे काडतूस, तेही नकळत राहिलेले, यावर खटला चालवणे योग्य नाही. माझा त्या निर्णयांना मनापासून पाठिंबा आहे. पण विमानाचे तिकीट काढणाऱ्या माणसाला उच्च न्यायालयात जाता येते. वीटभट्टीच्या उचलीवर जगणाऱ्याला तालुक्याच्या कोर्टातली तारीखही परवडत नाही. कायदा दोघांनाही एकच, त्याची सावली मात्र एकालाच मिळते. हे सांगताना माझा आवाज चढत असेल तर चढू द्या.

आता शेताकडे येऊ. इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी भात आहे, वर वरकस जमिनीवर नागली, वरई. हळवे भात सप्टेंबरच्या अखेरीस तयार होते, निमगरवे ऑक्टोबरात, गरवे नोव्हेंबरापर्यंत शेतात उभे असते. लोंबी भरली की रानडुकरांचा कळप उतरतो. खाईल त्याच्या कितीतरी पट तो तुडवतो. म्हणून माळा बांधायचा, रात्रभर डबे वाजवायचे, शेकोटी करायची, हाका मारायच्या. थंडीत, साप-विंचवांत, महिनाभर. ही राखण ज्याने केली नाही त्याला मी बंदुकीच्या परवान्यावर बोलू देणार नाही. मी स्वतः लहानपणी मामाच्या शेतावर माळ्यावर बसलो आहे, म्हणून मी बोलतो.

कोकणात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे, शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने पूर्वापार आहेत. कित्येक घरांत ठासणीची बंदूक आहे. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे, मग वर टोपी चढवायची. एक बार काढायला वेळ लागतो, आणि तो काढून झाला की डुकरे पळतात. ती बंदूक माणसांवर चालवायची म्हटली तर तिच्यासारखे गैरसोयीचे हत्यार नाही. तरीही निवडणूक लागली की ही बंदूक जमा करण्याचा हुकूम सुटायचा, सरसकट. सिंधुदुर्गातल्या एका परवानाधारकाने या सरसकट हुकमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. २००९ मध्ये न्यायालयाने सांगितले की असा घाऊक आदेश चालणार नाही, प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार झाला पाहिजे. त्यानंतर निवडणूक आयोगाने सूचना दिल्या. जिल्ह्यात एक छाननी समिती असावी. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत आणि त्यातही निवडणुकीच्या काळात गुंतलेले, अशांची प्रकरणे तिने तपासावीत आणि कोणाची बंदूक जमा करायची ते ठरवावे.

इतका स्वच्छ निर्णय, इतक्या स्वच्छ सूचना. तरीही आचारसंहिता लागली की गावोगाव पोलीस पाटलामार्फत निरोप जातो, बंदूक घेऊन या. आता तारखा पाहा. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला झाले, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. आचारसंहिता त्याच्या महिना-दीड महिना आधी लागते. म्हणजे दर पाच वर्षांनी, नेमके ज्या आठवड्यांत लोंबी भरते आणि डुक्कर उतरते, त्याच आठवड्यांत शेतकऱ्याची बंदूक ठाण्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते. हे कोणी मुद्दाम ठरवलेले नाही. पण हे वेळापत्रक पाहूनही कोणाला काही वाटत नाही, याचे कारण भीती. बंदूक दिसली की ती कोणाची, कशासाठी, कोणत्या जातीची हे पाहायच्या आधीच ती धोकादायक ठरते.

आपल्या भागाची अडचण यापेक्षा मोठी आहे. तानसा अभयारण्य आपल्या शेजारी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपले नाव वनखात्याकडे नोंदवावे लागते आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय तिथे नवा परवाना मिळत नाही. जंगल राखायचे तर हा नियम हवा, असे माझेही मत आहे. पण त्याचा परिणाम काय झाला तेही पाहायला हवे. सरळ मार्गाने परवाना मिळत नाही, पिकाची नासाडी थांबत नाही, नुकसानभरपाईचा पंचनामा वेळेवर होत नाही. मग माणूस आडवाटेला लागतो. तारेत वीज सोडतो आणि त्यात डुकराआधी स्वतःचाच भाऊ अडकतो. पिठाच्या गोळ्यात फुटणारी दारू भरून बांधावर ठेवतो आणि ती शेजाऱ्याची गाय चघळते. नाहीतर विनापरवाना बंदूक आणून रात्री रानात शिरतो.

असे रानात शिरल्यावर काय होते याचे उदाहरण शेजारच्या पालघर जिल्ह्यात घडले. जानेवारी २०२५ मध्ये मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावातली काही माणसे डुकराच्या शिकारीला गेली. अंधारात आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी झाडली गेली आणि तो दगावला. अपघात तिथे संपला असता. पण बंदूक विनापरवाना, शिकार बेकायदा, म्हणून सोबती घाबरले आणि त्यांनी मृतदेह झुडपात दडवला. घरचे वाट पाहत राहिले. पुढे पोलिसांना तो सापडला तेव्हा बरेच दिवस उलटले होते. गोळी चुकून सुटली, ही एक चूक. पण नंतरचे ते दिवस भीतीने घडवले. मला तिथल्या एकाही माणसाचा बचाव करायचा नाही. फक्त एवढेच दाखवायचे आहे की भीती माणसाला कोणत्या थराला नेते.

मग बंदुकीला घाबरूच नये का? असे मी म्हटलेले नाही, आणि कोणी तसे सांगू लागले तर त्याचे ऐकू नका. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत, पालघरच्या आसपास, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. ती बंदूक सरकारी होती, परवान्याचा प्रश्नच नव्हता. २ फेब्रुवारी २०२४ ला आपल्याच जिल्ह्यात, उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्याच्या आत गोळीबार झाला आणि तत्कालीन आमदाराला अटक झाली. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे, आणि तो योग्यच आहे. हवेत गेलेली गोळी खाली येते. या सगळ्यांत माणूस, राग, दारू, मिरवण्याची हौस आणि भरलेली बंदूक एकत्र आलेली आहेत. भीती तिथे हवी. परवाना देताना, तो नव्याने करून देताना, शिपायाच्या हाती रायफल देण्याआधी त्याची मानसिक अवस्था तपासताना हवी.

आणि दारूगोळ्याची सर्वात वाईट झळ ज्यांना बसते त्यांची नावे आपल्याला लक्षातही राहत नाहीत. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर कालबाह्य स्फोटके नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. रोजावर आलेली माणसे. ज्या वस्तूला शहरातला शिकलेला माणूस नुसत्या फोटोत पाहून दचकतो, ती उचलण्यासाठी आपण गावातल्या गरिबाला मजुरी देतो. त्याला प्रशिक्षण किती, हातात मोजे कोणते, त्याच्या मागे कुटुंबाला काय मिळणार, याची काळजी कोणाला नसते. आपली भीती इथे पोचतच नाही.

मुलांच्या बाबतीत तेच. शाळेच्या दप्तरात खेळण्यातले पिस्तूल सापडले की पालकांची बैठक होते. पण प्लॅस्टिकच्या पाइपची, कार्बाइड घालून उडवायची ‘बंदूक’ आपल्याकडे माकडे आणि डुकरे हाकलण्यासाठी सर्रास वापरली जाते. बाजारात ती शे-दोनशे रुपयांत मिळते आणि तिला कोणी बंदूक मानत नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळकडे, अशा नळ्यांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. पाइप फुटतो किंवा बार उशिरा होतो, आणि तोवर मूल नळीत डोकावून पाहत असते. माझी इथल्या आई-बापांना हात जोडून विनंती आहे. शेतावर ती वापरायची असेल तर मोठ्या माणसाने वापरा, आणि घरी आणाल तेव्हा तिला कुलपात ठेवा. पोरांच्या हाती देऊ नका.

गेल्या काही वर्षांत शहापूर-मुरबाड या आपल्या दोन्ही तालुक्यांत शहरातल्या मंडळींनी फार्महाऊस बांधली. समृद्धी महामार्गाच्या बोगद्याचे सुरुंग कित्येक महिने ऐकले तेव्हा गावाला त्याचे काही वाटले नाही, कारण आवाज कशाचा ते माहीत होते. आता रात्री बांधावर कार्बाइडचा बार झाला की फार्महाऊसमधून पोलिसांना फोन जातो, गोळीबार चालू आहे म्हणून. गाडी येते, माळ्यावरच्या माणसाला खाली उतरवते, नावगाव विचारते. फोन करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याने आधी शेजाऱ्याच्या बांधावर येऊन ओळख करून घेतली असती, तर मात्र फोनची गरज पडली नसती. इथल्या सरपंचांना मी सुचवतो की भाताच्या दिवसांत कोणत्या शिवारात राखणीचे बार होतात याची एक साधी यादी ठाण्यात आणि त्या बंगल्यांत देऊन ठेवा.

आता कामाचे दोन-तीन मुद्दे, कारण मला माहीत आहे की काहींच्या घरी ट्रंकेत काहीतरी आहे आणि ते आज मनातल्या मनात अस्वस्थ झाले आहेत.

आजोबांच्या नावावर परवाना होता, आजोबा गेले, बंदूक आणि काडतुसे माळ्यावर राहिली. असे तुमच्याकडे असेल तर शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमात वाट दिलेली आहे. ज्याचा ताबा आता कायदेशीर उरला नाही असे शस्त्र आणि दारूगोळा ठाणेदाराकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायचा. वारसाला पुढे स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्जही करता येतो. जुन्या परवान्याची प्रत, मृत्यूचा दाखला आणि वस्तूंची यादी जोडा. पावती घ्या. पावतीशिवाय काहीही देऊ नका. काडतुसांवर गंज चढला असेल, पितळ हिरवे पडले असेल, तर ती घासू नका, उघडू नका, डब्यात तशीच ठेवून आधी ठाण्यात सांगा. न्यायला ते येतील.

रानात, ओढ्यात, कामाच्या जागेवर काही सापडले तर पोलीस पाटलाला बोलवा आणि त्याच्यासमोर दोन शेजारी उभे करा. वायर लागलेली नळी, कांडी, तोफेचा गोळा असेल तर जागेवर दगडांची खूण करून दूर व्हा. आणि पोलीस अधिकाऱ्यांपैकी कोणी इथे बसले असतील, तर त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. जो माणूस स्वतःहून सांगायला येतो त्याच्यावर पहिल्याच दिवशी गुन्हा लिहू नका. आधी त्याचा जबाब घ्या, वस्तू ताब्यात घ्या, पावती द्या. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, प्रत्येक ठाण्याने एक दिवस जाहीर करावा. त्या दिवशी ज्याच्याकडे जुने काही आहे त्याने ते आणून द्यावे. त्या एका दिवसात जे जमा होईल, ते वर्षभराच्या झडत्यांतही सापडणार नाही.

शेतीसंरक्षणाचा परवाना ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुढच्या विधानसभेची वाट पाहत बसू नये. ती २०२९ च्या शरदात येईल, म्हणजे पुन्हा गरवे भात शेतात असतानाच. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्येच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. आपल्यावर गुन्हा नाही, बंदूक राखणीसाठी आहे, छाननी समितीने आपला वेगळा विचार करावा, असे त्यात म्हणा. त्याआधी लोकसभा आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका येतील, तेव्हाही हाच अर्ज चालेल. अर्जाचा मसुदा मी इथल्या वाचनालयात ठेवून जात आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी येत्या शनिवारी दुपारपासून इथेच टेबल टाकून बसेन. परवान्याचे पुस्तक आणि सातबारा बरोबर आणा. ट्रंकेतले जे असेल ते मात्र घरीच राहू द्या, त्याची नुसती यादी आणली तरी पुरे.